टर्बोवाले चार की बिनटर्बोचे सहा? मराठवाड्यात स्पोर्ट्स कार निवडताना

दोन-तीन महिन्यांतून एकदा कुणाचा तरी फोन येतोच. "दादा, एक टर्बो बघून ठेवलीय, तीनशे घोडे. दुसरी जुनी सिक्स सिलिंडर हाय, पण तिला पावणेतीनशेच. जास्त घोड्यांचीच घेऊ ना?" मी उलट विचारतो, जानेवारीत अंबाजोगाई-लातूर रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं आला, तर तू कोणत्या गिअरात असशील? फोनवर थोडा वेळ शांतता असते. मग आवाज येतो, "ते कशाला पाहिजे?"

तेच पाहिजे. घोड्यांचा, म्हणजे हॉर्सपॉवरचा आकडा ज्या आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मोजलेला असतो, तिथं आपण वर्षातून किती मिनिटं असतो, यावर हा सगळा व्यवहार ठरतो.

आधी एक गोष्ट उघड सांगतो, म्हणजे माझं म्हणणं कसं ऐकायचं ते तुम्ही ठरवाल. मला स्वतःला बिनटर्बोचं, म्हणजे हवा दाबून आत कोंबणारी चक्री नसलेलं, सहा सिलिंडर आवडतं. तरीही विचारायला येणाऱ्या दहापैकी सहा-सात जणांना मी चार सिलिंडरची टर्बो घ्यायला सांगतो.

उदाहरणाला पोर्शेची केमन घेऊ, कारण तुलनेला इतकी सोयीची जोडी दुसरी सापडत नाही. २०१२ ते २०१६ च्या ९८१ पिढीत साध्या केमनला २.७ लिटरचं बिनटर्बो फ्लॅट-सिक्स होतं, म्हणजे आडवे, समोरासमोर तीन-तीन सिलिंडर. २०१६ मध्ये ७१८ आली आणि त्याच जागी २ लिटरचं टर्बो फ्लॅट-फोर बसलं. सांगाडा जवळपास तोच, इंजिन बदललं. म्हणजे बाकीचे मुद्दे बाजूला ठेवून नुसत्या इंजिनांची तुलना करता येते. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात सहाच्या बाजूला निस्सानची ३७०झेड आणि मर्सिडीजची एसएलके ३५० दिसतात, तर चारच्या बाजूला ऑडी टीटी आणि बीएमडब्ल्यू झेड४ ची २०आय. नव्या कोऱ्या गाडीची गोष्ट मी इथं करत नाही. सीमाशुल्क आणि वर ४० टक्के जीएसटी भरून ज्याला घ्यायची आहे, त्याला या लेखाची गरज नाही.

पायरी १: आठवडाभर वही ठेवा

गाडी बघायला जाण्याआधी सात दिवस सध्याच्या गाडीत वही ठेवा. रोज तीन गोष्टी लिहायच्या: कोणता रस्ता, किती किलोमीटर, आणि त्यातले मोकळे किती. लातूरच्या गंजगोलाईत दुकान असलेल्या माणसाची वही आणि शेंद्रा एमआयडीसीत कारखाना असलेल्याची वही सारखी निघणार नाही. एकाची गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरात रांगते, दुसरा समृद्धीवर चढून तासाभरात जालना पार करतो.

वहीत बहुतेक वेळा तीन प्रकारचे रस्ते निघतात. पहिला शहर आणि गावातून जाणारा रस्ता, दर दोनशे मीटरला गतिरोधक. दुसरा काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून नवा रस्तासुद्धा दोन वर्षांत लाटांसारखा होतो. तिसरा समृद्धीसारखा सिमेंटचा, सरळसोट, कारला १२० ची मर्यादा. घाट आपल्याकडं थोडे: कन्नडचा औट्रम घाट, बीडजवळ मांजरसुंबा, म्हैसमाळची चढण. औट्रम घाटात २०२३ मध्ये जड वाहनांना बंदी आल्यापासून तिथं गाडी चालवण्यात पुन्हा मजा आली. पण तिथं तुम्ही महिन्यातून किती वेळा जाता, हे वहीत खरं खरं लिहा.

पायरी २: ब्रोशरमधली दुसरी ओळ वाचा

पहिली ओळ ताकदीची असते. ९८१ केमनला २७५ घोडे, ७१८ ला ३००. फरक फार नाही. दुसरी ओळ टॉर्कची, म्हणजे आपण ज्याला पिकअप म्हणतो त्याची. ९८१ ला २९० न्यूटन-मीटर, तेही ४,५०० ते ६,५०० आरपीएमच्या दरम्यान. ७१८ ला ३८०, आणि तो १,९५० पासून ४,५०० पर्यंत सपाट. म्हणजे एकीचा जोर जिथं संपतो तिथं दुसरीचा सुरू होतो.

आता तो ट्रॅक्टर आठवा. तुम्ही तिसऱ्या गिअरात, वेग ५०. या केमनच्या गिअरप्रमाणं इंजिन दोन हजारांच्या जरा वर फिरतंय. समोरचा रस्ता दोनशे मीटर मोकळा दिसला. टर्बोत पाय दाबला की क्षणभर थबकून गाडी पुढं झेपावते. गिअर बदलायची गरज नाही. सहावाल्या गाडीत आधी दुसरा गिअर टाकावा लागतो आणि तरीही इंजिन साडेतीन हजारांच्या आतच असतं. ओव्हरटेक होतो, पण हात-पाय चालवावे लागतात. नोव्हेंबर ते मार्च, ट्रॉलीच्या मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशा वेळी कमी कष्टाचा ओव्हरटेक ही चैन नाही.

सहा सिलिंडरचा खरा आनंद साडेचार हजारांच्या पुढं आहे. ९८१ ची ताकद ७,४०० ला शिखरावर जाते. पण या गाडीचे गिअर लांब आहेत. पहिल्या गिअरात ७,४०० म्हणजे साधारण सत्तरच्या आसपासचा वेग, दुसऱ्या गिअरात १२० च्या आसपास. म्हणजे कायद्यात राहून पूर्ण सूर ऐकायचा तर पहिला गिअर, आणि दुसऱ्याचा जेमतेम मधला भाग. तिसऱ्या गिअरातलं वरचं गाणं आपल्या कुठल्याही रस्त्यावर गाता येत नाही. समृद्धीवर १२० ने सहाव्या गिअरात जाताना तर दोन्ही इंजिनं अर्धवट झोपेत असतात.

मग सहा कशाला घ्यायचं? तीन कारणं आहेत आणि तिन्ही खरी. एक, गुळगुळीतपणा. चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडरमध्ये क्रँकच्या दर १२० अंशांना एक स्फोट होतो, चारमध्ये १८० अंशांना. सरळ रांगेतलं आणि फ्लॅट सहा हे जात्याच समतोल असतं, हादरे एकमेकांना मारतात. दोन, पायाला मिळणारं उत्तर. ॲक्सिलरेटर जितका दाबाल तितकंच आणि लगेच. टर्बोला आधी धुरानं चक्री फिरवावी लागते, ती हवा दाबते, मग जोर येतो. वळणातून बाहेर पडताना अर्धा पाय दिला तर हे अंतर जाणवतं. तीन, आवाज. ७१८ च्या चार सिलिंडरवर जगभरातल्या परीक्षकांनी आवाजासाठीच टीका केली. पुढं पोर्शेनं २०२० मध्ये त्याच गाडीच्या जीटीएस या वरच्या मॉडेलमध्ये ४ लिटरचं बिनटर्बो सहा परत बसवलं, ४०० घोड्यांचं. कंपनीनं आपलंच पाऊल मागं घेतलेलं क्वचित दिसतं.

पायरी ३: मे महिन्याचा हिशेब

मराठवाड्यात ही पायरी चुकवू नका. परभणी-नांदेडला मे महिन्यात ४२-४३ अंश नेहमीचे. १५ अंशांच्या हवेच्या मानानं ४२ अंशांची हवा साधारण ८-९ टक्के विरळ असते. त्यात छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून जवळपास ५७० मीटर वर, म्हणजे आणखी सहाएक टक्के गेले. बिनटर्बो इंजिन जी हवा मिळेल ती ओढतं. त्यामुळं ब्रोशरमधले २७५ घोडे तुमच्या गाडीत उन्हाळाभर नसतातच. पण जितके असतात तितके लागोपाठ कितीही पाय दाबला तरी जवळपास तेवढेच राहतात.

टर्बोचं उलटं आहे. उंचीमुळं हवा विरळ झाली तर इंजिनाचा संगणक चक्री जास्त फिरवून तूट भरून काढतो. उष्णतेपुढं मात्र त्याचं फारसं चालत नाही. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून आत सोडतात. इंटरकूलर हवेचा असो की पाण्याचा, शेवटी थंडावा बाहेरच्या हवेतूनच घ्यायचा आणि बाहेर ४३ अंश. सिग्नलला पाच मिनिटं एसी लावून उभे राहिलात की बॉनेटखालचा भाग भट्टी होतो. मग इंजिन वाचवायला संगणक ठिणगी उशिरा देतो आणि जोर उतरतो. पहिला ओव्हरटेक दणक्यात, लागोपाठ चौथा जरा मिळमिळीत.

रस्त्यावरचे ओव्हरटेक सुटे सुटे असतात, त्यामुळं रोजच्या वापरात टर्बोचा हा दोष फारसा आड येत नाही. भर उन्हात घाटात वर-खाली दहा फेऱ्या मारणाऱ्याला तो जाणवेल. तसं करणाऱ्याला गाडीपेक्षा टोपीची गरज जास्त आहे.

पायरी ४: पेट्रोल

आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल आता आपल्याच टाकीत येतं, २० टक्के. इथेनॉलचा ऑक्टेन (इंधनानं दाबाखाली वेळेआधी न पेटण्याचा आकडा) चांगला, पण लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. त्यामुळं ॲव्हरेज पाच-सहा टक्क्यांनी घसरलं तर मेस्त्रीला दोष देऊ नका. ज्या काळातल्या गाड्या आपण बघतोय, त्यातल्या बऱ्याच युरोपीय गाड्या १० टक्के मिश्रणापर्यंतच मान्य केलेल्या आहेत. पेट्रोलच्या झाकणाच्या आतला स्टिकर वाचा. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवू नका, इथेनॉल ओल धरतं.

टर्बोला ऑक्टेनची भूक जास्त. स्टिकरवर ९५ किंवा ९८ लिहिलं असेल, तर तसलं पेट्रोल तुमच्या तालुक्याच्या पंपावर मिळतं का ते आधी बघा. कमी ऑक्टेनवर गाडी बंद पडत नाही, संगणक सांभाळून घेतो. पण तुम्ही पैसे ज्या जोरासाठी मोजले तो कापला जातो. आणखी एक सवय सोडा. वरच्या गिअरात १,५०० आरपीएमला पाय तळापर्यंत दाबणं डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणाऱ्या टर्बो इंजिनाला घातक असतं. ठिणगीच्या आधीच आत पेट घेतला जाऊ शकतो आणि पिस्टनला इजा होते. एक गिअर खाली टाका, मग दाबा.

पायरी ५: चालवून बघणं

दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा. दोन शहरांत असतील तर निदान एकाच प्रकारच्या रस्त्यावर. आणि इंजिन थंड असतानाच पहिला स्टार्ट मारायचा, हा हट्ट सोडू नका. माझ्या मित्राबरोबर पुण्याला एक गाडी बघायला गेलो होतो. व्यापारी हसून म्हणाला, "आत्ताच धुवून आणली, म्हणून गरम आहे." आम्ही मान डोलावली. गाडी घरी आल्यावर पहिल्याच सकाळी स्टार्टला चेनचा खडखडाट ऐकू आला. पुढचे चार महिने मित्रानं माझा फोन घेतला नाही, आणि त्याचं बरोबरच होतं.

थंड स्टार्टनंतर पंधरा मिनिटं सावकाश चालवा. तेल गरम झालं की तिसऱ्या गिअरात ५० वरून पाय दाबा आणि मनात मोजा, जोर यायला किती वेळ लागतो. मग पहिल्या गिअरात लाल रेषेपर्यंत न्या. सहावाल्या गाडीत हे केलंच पाहिजे. तो आवाज ऐकून अंगावर काटा आला नाही, तर त्यासाठी जादा पैसे का मोजताय? नंतर एसी पूर्ण लावून दहा मिनिटं उन्हात उभे रहा आणि पुन्हा तोच ५० चा प्रयोग करा. टर्बोचा जोर किती उतरला, एसी किती टिकला, दोन्ही कळतं.

शेवटी घराजवळचा सगळ्यात वाईट गतिरोधक. तिरकी घेऊनही गाडी खाली घासत असेल तर इंजिनाची चर्चा तिथंच मिटली.

पायरी ६: कोणत्या इंजिनात काय बघायचं

सगळी इंजिनं सारखी बिघडत नाहीत. ९८१ च्या आधीच्या पोर्शे स्वस्त दिसल्या म्हणून भुलू नका. साधारण १९९७ ते २००८ च्या बॉक्स्टर-केमनच्या सहा सिलिंडरमध्ये इंटरमीडिएट शाफ्टची बेअरिंग हा नाजूक भाग होता. ती गेली तर इंजिन गेलं. २००९ पासूनच्या इंजिनांतून तो शाफ्टच काढून टाकला.

३७०झेड मॅन्युअल असेल तर क्लच पेडल नीट दाबून बघा. क्लच सोडवणारा, आत बसवलेला स्लेव्ह सिलिंडर गळतो आणि तो बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तिच्या इंजिनात पुढच्या बाजूची ऑइल गॅलरीची (तेल नेणाऱ्या वाटेची) गॅस्केटही फुटते. गरम इंजिनात तेलाचा दाब किती आहे, ते मेस्त्रीकडून गेज लावून बघून घ्या. एसएलके ३५० च्या इंजिनात थंड स्टार्टचा खडखडाट ऐका, चेन आणि कॅमच्या बाजूनं येतो. बीएमडब्ल्यूचं २०११ ते २०१५ च्या आसपासचं चार सिलिंडर टर्बो असेल, तर टायमिंग चेनच्या प्लास्टिक पट्ट्यांबद्दल विचारा. फोक्सवॅगन-ऑडीच्या २ लिटर टर्बोत थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं प्लास्टिक घर गळतं, खाली गुलाबी डाग शोधा. हेच इंजिन स्कोडा ऑक्टाविया आरएसमध्येही होतं आणि ऑक्टावियाची जुळवणी शेंद्र्यातच व्हायची. त्यामुळं संभाजीनगर परिसरात या इंजिनावर हात बसलेले फिटर मिळतात. तिथल्या माणसाला मी टीटी सुचवतो त्याचं हेही एक कारण.

टर्बो गाडीत आणखी एक प्रश्न: रिमॅप केलाय का? लॅपटॉप लावून पन्नास-साठ घोडे वाढवता येतात, म्हणून पुष्कळ जण वाढवतात आणि विकताना जुनं सॉफ्टवेअर परत टाकतात. सायलेन्सरच्या नळ्या मूळच्या आहेत का, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे का, हे गाडी लिफ्टवर घेऊन बघा. बिनटर्बोला रिमॅपनं फार काही मिळत नाही, म्हणून ती बहुधा अस्पर्श असते. तिचा छळ वेगळा. चुकीचा गिअर टाकून इंजिन मर्यादेबाहेर फिरवलेलं असतं. पोर्शेच्या संगणकात ही नोंद टप्प्याटप्प्यानं राहते. ओव्हर-रेव्हचा रिपोर्ट काढून द्या म्हणा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर चहा पिऊन परत या.

टायरच्या बाजूवरचे चार आकडेही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. स्पोर्ट्स कार कमी फिरते, म्हणून नक्षी भरपूर दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. असल्या टायरवर मे महिन्यात सिमेंटच्या रस्त्यावर १२० ने जाणं हा जिवाशी खेळ आहे. हवा नेहमी पहाटे, थंड टायरमध्ये मोजा.

पायरी ७: बंद पडली तर कुठं न्यायची

नांदेडकरांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, लातूरकरांना हैदराबाद किंवा पुणे, धाराशिवकरांना पुणे, संभाजीनगर-जालनेकरांना पुणे किंवा समृद्धीनं मुंबई. ज्या ब्रँडची गाडी घ्याल त्याचं वर्कशॉप कुठं आहे, हे नकाशावर बघा आणि फ्लॅटबेडचं (गाडी पाठीवर चढवून नेणाऱ्या ट्रकचं) एका फेरीचं भाडं आधीच विचारा. साध्या दोरीनं टोचन करून या गाड्या नेऊ नका.

भागांचा विचार केला तर सहामध्ये प्लग आणि कॉइल दोन-दोन जास्त, तेलही जास्त. चारमध्ये टर्बो, इंटरकूलर, दाबाच्या नळ्या, जास्तीचे सेन्सर, आणि सगळे तापणारे. दहा वर्षांपुढच्या गाडीत मला सहाचं कमी भय वाटतं. पाच-सहा वर्षांची, सर्व्हिसची पूर्ण नोंद असलेली असेल, तर टर्बोचंही नाही. विम्यात थर्ड पार्टीचा हप्ता १,५०० सीसीच्या वर सगळ्यांना सारखाच आहे, त्यामुळं २ लिटर की ३.७, यानं तिथं फरक पडत नाही.

पायरी ८: कागद

स्वस्त गाडी बहुधा दिल्ली, कर्नाटक किंवा केरळ पासिंगची निघते. मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र, आणि महाराष्ट्रात नव्यानं भरायचा रोड टॅक्स, हे सगळं किमतीत धरूनच बोली करा. आयात गाडीला हा कर चांगलाच जड जातो. एमएच-२० किंवा एमएच-२४ ची गाडी दीड-दोन लाख महाग असली, तरी शेवटी बरेचदा तीच स्वस्त पडते. पंधरा वर्षांच्या जवळ आलेली असेल तर पुन्हा पासिंग आणि हरित कराचा खर्चही जोडा. एम-परिवहन ॲपवर चलन बाकी किती ते बघा. समृद्धीवर कॅमेरे आहेत आणि आधीच्या मालकाचा पाय किती जड होता, ते तिथंच कळतं.

आता माझा कौल. गाडी एकच असेल, रोज वापरायची असेल आणि वहीत गावं, गतिरोधक, ट्रॉल्या जास्त असतील, तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची टर्बो घ्या. घरात दुसरी गाडी असेल, ही फक्त रविवारी पहाटे म्हैसमाळला नाहीतर औट्रम घाटात जाणार असेल आणि तुम्हाला गिअर टाकायला कंटाळा येत नसेल, तर मॅन्युअल सहा शोधा. हातात एकाच मालकाची, नोंदी असलेली टर्बो आहे आणि तीन मालकांची, बिनकागदाची सहा, असा पेच पडला तर माझी आवड विसरा आणि पहिली घ्या.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ब्रेक फ्लुइड आणि हवेचा फिल्टर बदला, आधीच्यानं काहीही सांगितलेलं असो. आपल्याकडची धूळ आणि उष्णता बघता, कंपनी पंधरा हजार म्हणत असली तरी ऑइल सात-आठ हजारांवर किंवा वर्षातून एकदा बदला. टर्बो असेल तर धाब्यावर थांबण्याआधीचे दोन किलोमीटर सावकाश या आणि चावी काढण्याआधी मिनिटभर इंजिन चालू ठेवा.